माऊसचे बटण आणि रडीचा डाव

गेमिंग माऊसच्या अंगठ्याजवळचे एक बटण दाबावे आणि पडद्यावरच्या पात्राने पाच-सात हालचाली ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या अंतराने आपोआप कराव्यात, या सोयीला मॅक्रो म्हणतात. हा शब्द गेम खेळणाऱ्यांनी काढलेला नाही. संगणकाच्या सुरुवातीच्या काळात प्रोग्रॅम लिहिणारे लोक अनेक ओळींचे काम एका ओळीत बसवत, त्या ओळीला हे नाव मिळाले. पुढे तो कचेऱ्यांत पोचला. एक्सेलमध्ये दरमहा तेच तेच तक्ते करणारा कर्मचारी मॅक्रो एकदा नोंदवून ठेवतो आणि तासाभराचे काम मिनिटात उरकतो. त्यात कोणाचे काही जात नाही. ऑनलाइन गेममध्ये मात्र समोर दुसरा माणूस बसलेला असतो, तोही आपल्या बोटांनी खेळत असतो, आणि तिथे हीच सोय न्यायाचा प्रश्न होऊन बसते.

भिवंडी परिसरातल्या वाचकाला मॅक्रोची कल्पना यंत्रमागावरून लगेच समजेल. डॉबी बसवलेल्या मागावर लाकडी पट्ट्यांची माळ फिरत असते आणि त्या पट्ट्यांवर खुंट्या ठोकलेल्या असतात. आडवा धागा टाकताना ताण्याचे कोणते धागे वर उचलायचे, हे खुंट्यांच्या जागेवरून ठरते. नक्षी एकदा खुंट्यांत बसवली की कारागिराला दर फेरीला विचार करावा लागत नाही. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार याने १८०४च्या सुमारास असेच काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर आणले, आणि पुढे गणनयंत्रांनी ती पत्त्यांची कल्पना उचलली. माऊसमधला मॅक्रो त्याच घराण्यातला आहे. क्रम आधी ठरतो, बोट नंतर लागते.

माऊसच्या आत काय घडते हे नीट कळले की पुढचे सगळे वाद सोपे होतात. माऊसच्या पोटात एक छोटी चिप असते. संगणक त्या चिपला ठरावीक वेळाने विचारत राहतो, ‘काही नवीन?’ साध्या माऊसला तो सेकंदाला सहसा १२५ वेळा विचारतो, गेमिंग माऊसला १,००० वेळा, आणि अलीकडच्या काही महागड्या माऊसना ८,००० वेळा. उत्तरात माऊस एवढेच सांगतो, की डावे बटण दाबले गेले, सुटले, आपण इतके उजवीकडे आणि इतके खाली सरकलो. ते बटण बोटाने दाबले की चिपने स्वतःच ‘दाबले’ म्हणून कळवले, हे त्या उत्तरात नसते. संगणकाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. शिवाय बरेच गेमिंग माऊस संगणकाला जोडले की आपण माऊसही आहोत आणि कीबोर्डही आहोत, अशी दुहेरी ओळख देतात. म्हणून माऊसच्या बटणातून कीबोर्डची अक्षरेही पाठवता येतात.

मॅक्रो राहतो दोन ठिकाणी. एक म्हणजे संगणकावर बसवलेले, माऊस बनवणाऱ्या कंपनीचे सॉफ्टवेअर. लॉजिटेकच्या जी हबमध्ये तर लुआ या भाषेत छोटा प्रोग्रॅमच लिहिता येतो. दुसरी जागा माऊसची स्वतःची मेमरी. तिथे साठवलेला मॅक्रो माऊस दुसऱ्या संगणकाला लावला तरी बरोबर जातो, आणि त्या दुसऱ्या संगणकावर कोणतेही सॉफ्टवेअर नसले तरी चालतो. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

आता भेद. प्रोग्रॅम करता येणाऱ्या माऊसवर तीन वेगवेगळ्या गोष्टी होतात आणि बोलताना तिन्हींना सरसकट ‘मॅक्रो’ म्हटले जाते. पहिली गोष्ट बटणाचे काम बदलणे. हातबॉम्ब फेकायची कळ कीबोर्डवर लांब पडते म्हणून ती अंगठ्याजवळच्या बटणाला दिली, साथीदारांशी बोलायचा माइक दुसऱ्या बटणाला दिला, तिसरे बटण दाबून धरले की माऊसचा वेग कमी होईल असे केले. इथे एका दाबाला एकच कृती होते. जागा तेवढी बदलते. रेझर कंपनीने २००९मध्ये आणलेल्या नागा माऊसवर अंगठ्यासाठी बारा बटणे होती, ती याच कामासाठी. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसारख्या गेममध्ये मंत्र आणि शस्त्रे इतकी असतात, की कीबोर्डवरची बोटे पुरत नाहीत. बटणाचे काम असे बदलायला बहुतेक सगळे गेम परवानगी देतात, आणि ती दिलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट खरा मॅक्रो. त्यात एका दाबाला अनेक कृती होतात आणि त्यांच्यामधले अंतरही यंत्रच सांभाळते. तिसरी गोष्ट त्याहून पुढची. एकदा चालू केले की माणूस जेवायला गेला तरी माऊस टिचक्या मारत राहतो, पात्र झाडे तोडत राहते, मासे पकडत राहते, सोने जमवत राहते. याला बॉट म्हणणेच योग्य. यात समोरासमोर कोणी हरत नाही म्हणून काहींना ते निरुपद्रवी वाटते. पण त्या गेममध्ये खेळाडूंचा आपापसातला बाजार असतो. रात्रभर यंत्रांनी जमवलेला माल बाजारात आला की भाव पडतो, आणि संध्याकाळी दोन तास बसून तोच माल हाताने गोळा करणाऱ्याच्या कष्टाची किंमत उरत नाही.

या तिन्हींना वेगळे करणारी एक ओळ अनेक गेमच्या नियमांत या ना त्या रूपात सापडते: एक दाब, एक कृती. रूनस्केप चालवणारी जॅगेक्स ही ब्रिटिश कंपनी एका कळीचे काम दुसऱ्या कळीला द्यायला हरकत घेत नाही, मात्र एका कळीमागे एकापेक्षा जास्त कृती आल्या की तो नियमभंग धरते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एकच माणूस पाच-दहा अकाउंट एकदम उघडून एका दाबाने सगळी पात्रे हलवत असे; त्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर ब्लिझार्ड कंपनीने नोव्हेंबर २०२०मध्ये बंदी घातली. अकाउंट अनेक असायला तिची हरकत नव्हती. हरकत होती ती एका बोटाने दहा हात हलवण्याला.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये मॅक्रो लिहिण्याची सोय गेमच्या आतच दिलेली आहे, हे कळल्यावर अनेकांना आश्चर्य वाटते. तो मॅक्रो २५५ अक्षरांत बसवावा लागतो, आणि ज्या मंत्रांनंतर काही क्षण थांबावेच लागते असे दोन मंत्र त्यातून एका दाबात सुटत नाहीत. फायनल फँटसी १४मध्येही १५ ओळींचा मॅक्रो लिहिता येतो आणि वस्तू घडवण्याच्या कंटाळवाण्या कामासाठी खेळाडू तो सर्रास वापरतात. मग हा मॅक्रो रास्त आणि माऊसमधला गैर, असे का? कारण गेमच्या आतली सोय प्रत्येकाला मिळते, फुकट मिळते, आणि तिला लगाम कुठे घालायचा हे गेम बनवणाऱ्याने विचार करून ठरवलेले असते. माऊसमधून येणारा मॅक्रो या तिन्ही बाबतींत गेमच्या हाताबाहेर असतो.

सगळ्यात तीव्र वाद बंदुकीच्या गेममध्ये होतात, कारण तिथे निकाल सेकंदाच्या अंशात लागतो. काउंटर-स्ट्राइकमधल्या एके-४७चे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. तिच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या असतात आणि वेग मिनिटाला ६०० गोळ्यांचा, म्हणजे दर ०.१ सेकंदाला एक गोळी. बटण दाबून धरले की मॅगझिन तीन सेकंदांत रिकामे होते. या तीन सेकंदांत बंदुकीचा धक्का नेम हलवतो, पण तो कसाही हलवत नाही. सुरुवातीच्या गोळ्या जवळजवळ सरळ वर चढतात, मग नेम एका बाजूला झुकतो, मग दुसऱ्या बाजूला. थोडी अनिश्चितता प्रत्येक गोळीत असतेच, परंतु मूळ नक्षी दरवेळी तीच. खेळाडू रिकाम्या नकाशात भिंतीसमोर उभा राहतो, गोळ्या झाडतो, भिंतीवरची छिद्रे पाहतो आणि माऊस उलट दिशेने ओढायला शिकतो. आधी खाली, मग डावी-उजवीकडे सांभाळत. हे हाताला लागायला महिने लागतात. तबल्यावर कायदा बसवताना बोटे जशी घोटावी लागतात, तसाच हा रियाझ आहे.

‘नो रिकॉइल’ नावाचा मॅक्रो नेमकी हीच मेहनत गिळतो. बटण दाबले गेले की दर शंभर मिलीसेकंदांनी माऊस किती खाली आणि किती बाजूला सरकला हे तो संगणकाला खोटेच कळवत राहतो, आणि गोळ्या एका जागी बसतात. हात स्थिर असला तरी चालते. यात पडद्यामागचे काही पाहिलेले नसते, भिंतीपलीकडचा शत्रू दिसत नसतो, गेमच्या फाइलला हात लावलेला नसतो. म्हणून ‘हे हॅकिंग थोडेच आहे?’ असा युक्तिवाद होतो. पण गेमने जे कौशल्य मोजायला ठेवले आहे, तेच यंत्राकडून करून घेतल्यावर उरले काय? पबजीसह बहुतेक बंदुकीच्या गेमनी असे मॅक्रो निषिद्ध ठरवले आहेत. काही गेमनी बंदुकीची नक्षीच थोडी बेभरवशाची ठेवली. व्हॅलोरंटमध्ये लांबलचक फैरीत नेम कोणत्या बाजूला झुकेल हे पक्के नसते, त्यामुळे आधी नोंदवलेला क्रम तिथे फारसा उपयोगी पडत नाही. पाळत ठेवून पकडण्यापेक्षा लबाडीचा फायदाच काढून घेणारा हा उपाय जास्त शहाणपणाचा वाटतो.

रेषा कुठे ओढायची हा प्रश्न २०२४च्या पावसाळ्यात अचानक सगळ्यांसमोर आला. तोही माऊसमुळे नव्हे, कीबोर्डमुळे. काउंटर-स्ट्राइकमध्ये धावता धावता गोळी झाडली तर ती भरकटते. नेम लागायला पात्र थांबलेले हवे. डावीकडे धावण्याची कळ ए आणि उजवीकडची डी. ए नुसती सोडली तर पात्र थोडे घसरत थांबते. म्हणून खेळाडू ए सोडून त्याच क्षणी डी हलकेच टिचवतो. उलट जोर लागतो आणि पात्र जागच्या जागी उभे राहते. एक बोट उचलण्याचा आणि दुसरे टेकवण्याचा तो मेळ अवघड असतो. थोडे आधी झाले तर दोन्ही कळी एकदम दाबल्या जातात, थोडे उशिरा झाले तर घसरण होते. जुलै २०२४मध्ये रेझरने आपल्या एका कीबोर्डमध्ये स्नॅप टॅप नावाची सोय दिली. ए दाबलेली असतानाच डी दाबली, तर कीबोर्ड ए सुटली असे स्वतःच कळवणार. वूटिंग या कीबोर्ड बनवणाऱ्या कंपनीनेही तशीच सोय आणली. खेळाडूने आता पहिले बोट उचलण्याची वेळ साधायची गरजच राहिली नाही.

इथे दाब खेळाडूचेच होते, क्रमही त्याचाच होता. आधी नोंदवून ठेवलेले काहीच नव्हते. तरीही त्या मेळातले अवघड अर्धे काम कीबोर्ड करत होता. काउंटर-स्ट्राइकची मालक कंपनी व्हॉल्व हिने ऑगस्ट २०२४मध्ये निर्णय दिला: तिच्या अधिकृत सर्व्हरवर अशी यांत्रिक मदत ओळखली गेली तर खेळाडूला चालू सामन्यातून बाहेर काढले जाईल. त्याच वेळी गेमच्या आतल्या, एका कळीत हालचाल आणि हल्ल्याच्या दोन-दोन कृती बांधणाऱ्या जोडण्याही बंद झाल्या. उडी मारता मारता धूरबॉम्ब अचूक फेकण्यासाठी असंख्य खेळाडू वर्षानुवर्षे अशी जोडणी वापरत होते आणि ती कोणाला गैर वाटत नव्हती. काल रास्त असलेली गोष्ट आज नियमाबाहेर गेली. मात्र शिक्षा बेताचीच ठेवली होती. सामन्यातून काढणे म्हणजे अकाउंट कायमचे बंद करणे नव्हे, आणि सोय बंद करून खेळाडू परत येऊ शकत होता. नवा नियम लावताना एवढी उसंत द्यायलाच हवी.

साहित्य आधी येते आणि नियम मागून, हे मैदानी खेळांतही घडले आहे. डिसेंबर १९७९मध्ये पर्थच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली अॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. बॅटचे पाते लाकडाचेच हवे असे तेव्हाच्या नियमांत कुठेही लिहिलेले नव्हते. इंग्लंडच्या कर्णधाराने चेंडू खराब होतो अशी तक्रार केली, बरीच बाचाबाची झाली, अखेर लिलीला बॅट बदलावी लागली, आणि पुढे पाते लाकडाचेच असावे असा नियम झाला. स्नॅप टॅपचा कीबोर्ड विकत घेणाऱ्यानेही बेइमानी केली नव्हती. दुकानात उघडपणे मिळणारी वस्तू त्याने घेतली. बेइमानी सुरू होते ती नियम कळल्यानंतर.

नियम गेमगणिक वेगळे असतात, ही खेळाडूची खरी अडचण. एकाच माऊसवरची एकच मांडणी एका गेममध्ये चालते आणि दुसऱ्यात अकाउंट घालवते. कन्सोलवर तर प्रश्नाचे रूपच निराळे. तिथे सगळ्यांच्या हातात कंट्रोलर असेल असे गृहीत धरून सामने लावले जातात, आणि नेम धरायला कंट्रोलरवाल्यांना गेम स्वतः थोडी मदत करतो. काही जण मधे एक छोटे यंत्र लावून माऊसलाच कंट्रोलर असल्याचे भासवतात. माऊसची अचूकता मिळते आणि वर कंट्रोलरची मदतही. युबिसॉफ्टने २०२३मध्ये रेनबो सिक्स सीजमध्ये माऊसट्रॅप नावाची व्यवस्था आणली. असा खेळाडू ओळखला गेला की त्याच्या प्रत्येक दाबाला मुद्दाम थोडा उशीर लावला जातो. त्याच वर्षी कॉल ऑफ ड्यूटीनेही अशी यंत्रे ओळखायला सुरुवात केली.

मोबाइलवर हाच प्रश्न लहान आकारात येतो. बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळणारी बहुतेक मुले फोनच वापरतात. फोनच्या कडेला चिमट्यासारखा लावायचा ट्रिगर बाजारात मिळतो. बोटाने एकदा दाबला की काचेवर एकदा टेकणारा साधा ट्रिगर वेगळा, आणि एकदा दाबला की मोटरने टपाटप टिचक्या मारणारा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर वेगळा. एक दाब, एक कृती ही ओळ इथेही कामाला येते. फोनचा गेम संगणकावर माऊसने खेळणाऱ्यांना पबजी मोबाइलने वेगळ्या सामन्यांत टाकायला सुरुवात केली होती, तीही याच न्यायाने. हत्यार बदलले तर प्रतिस्पर्धीही बदलावा.

यंत्राची टिचकी ओळखतात कशी? संगणकाला दोन्ही दाब सारखेच दिसतात, हे वर आलेच आहे. पण एक दाब सारखा दिसला तरी शंभर दाबांची रांग सारखी दिसत नाही. माणसाचे बोट कधी ११० मिलीसेकंदांनी पडते, कधी १३२, कधी ९८. थकले की अंतर वाढते, घाबरले की कमी होते. यंत्र दरवेळी १०० वर १०० मारते. चलाख मॅक्रो अंतर मुद्दाम कमीजास्त करतात, पण माणसाच्या बोटाचा वेडावाकडेपणा हुबेहूब उतरवणे सोपे नाही. काही मर्यादा तर शरीराच्याच आहेत. डोळ्याला काही दिसल्यावर बोट हलायला साधारण २०० ते २५० मिलीसेकंद लागतात. दाबण्याच्या वेगाचे म्हणाल तर १९८०च्या दशकात जपानमध्ये ताकाहाशी मेइजिन नावाचा गेम कंपनीचा माणूस सेकंदाला १६ वेळा बटण दाबतो म्हणून देशभर गाजला. एवढा वेग असणारा माणूस वीराच्या पंक्तीत बसला, यावरूनच तो किती दुर्मिळ असतो ते कळते. कोणी सेकंदाला तीस टिचक्या मारत असेल तर त्याचे बोट तपासायची गरज नाही.

मात्र या तपासणीत निरपराध माणूसही अडकू शकतो, आणि त्याचे एक कारण अगदी घरगुती आहे. माऊसच्या बटणाखाली एक बारीक स्विच असतो आणि त्यात धातूच्या पत्र्याची छोटी पट्टी. बटण दाबले की पट्टी टेकते, पण टेकताना ती किंचित थरथरते. चिप त्या थरथरीकडे काही मिलीसेकंद दुर्लक्ष करते, म्हणून एका दाबाचा एकच दाब नोंदला जातो. लाखो दाबांनंतर पट्टी झिजते, थरथर वाढते आणि एका दाबाचे दोन दाब होऊ लागतात. फाइल उघडायला एकदा टिचकवावे तर दोनदा टिचकल्यासारखे होते, हा अनुभव जुना माऊस असलेल्या प्रत्येक घरात आहे. गेममध्ये मात्र त्याचा अर्थ वेगळा लागतो. माइनक्राफ्टच्या काही स्पर्धांत जास्त टिचक्या म्हणजे जास्त वार, म्हणून काही जण दुर्लक्षाचा तो काळ सॉफ्टवेअरमधून मुद्दाम कमी करतात आणि चांगल्या माऊसलाही झिजल्यासारखा वागायला लावतात. झिजलेला माऊस आणि तसा बनवलेला माऊस सर्व्हरला सारखेच दिसतात. तेव्हा दोन-दोन दाब होऊ लागले की स्विच बदलून घ्यावा. डागकाम येणारा कोणताही दुरुस्तीवाला तो बदलून देतो.

ज्यांच्या बोटांत किंवा मनगटात व्यंग आहे त्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. ज्याला बटण दाबून धरता येत नाही त्याला ‘एकदा दाबले की चालू, पुन्हा दाबले की बंद’ अशी सोय हवी. ज्याला एकच हात आहे त्याला दोन कळी एकत्र दाबणे शक्य नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८मध्ये खास अशा खेळाडूंसाठी एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला. त्याला पायाने, कोपराने, हनुवटीने दाबायची बटणे जोडता येतात. भारताच्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही रास्त सोय करून देण्याचे तत्त्व मान्य केले आहे. अशा खेळाडूचा मॅक्रो आणि धडधाकट माणसाचा नो रिकॉइल मॅक्रो एका मापाने मोजणे हा अन्याय होईल. उत्तम उपाय हाच, की दाबून धरण्याऐवजी चालू-बंद करणे, कळी हव्या तशा मांडणे या सोयी गेमने स्वतःच द्याव्यात. मग कोणाला माऊसच्या पोटात काही लपवावे लागत नाही. अनेक नव्या गेममध्ये त्या आता असतात.

हा माऊस आता खारबावसारख्या गावातही पोचला आहे. खारबाव हे भिवंडी तालुक्यातले, वसई–दिवा मार्गावरचे स्थानक. तालुक्यात माणकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळच्या बाजूला गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मुंबई परिसरात ऑनलाइन मागवलेल्या मालापैकी बराच तिथूनच निघतो. मॅक्रोची सोय असलेला माऊस आता हजार रुपयांच्या आसपासही मिळतो, म्हणजे ही वस्तू शहरातल्या हौशी मुलांपुरती राहिलेली नाही. अशा ठिकाणच्या खेळाडूंकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘नेट अडखळते, पिंग वाढतो, मग मॅक्रोने थोडी भरपाई केली तर बिघडले कुठे?’ बिघडते ते असे, की भरपाई होतच नाही. पिंग म्हणजे संगणकाकडून सर्व्हरकडे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ. मॅक्रो त्या प्रवासाच्या आधी, घरच्या टेबलावरच संपतो. बोटाने दाबलेला दाब आणि मॅक्रोचा दाब त्याच वायरीतून, त्याच वेगाने जातो. काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंट या दोन्हींचे सर्व्हर मुंबईत आहेत. खारबावहून ते अंतर मुळात थोडे. पिंग खाली आणायचा तर वायफायऐवजी केबल लावणे आणि खेळताना घरातले मोठे डाउनलोड थांबवणे, याने जे साधते ते कोणत्याही माऊसने साधत नाही.

गेमिंग कॅफेत आणि जुन्या माऊसच्या व्यवहारात आणखी एक धोका आहे, आणि त्याची जाण फार थोड्यांना असते. माऊसच्या मेमरीत मॅक्रो राहतो, हे वर आले. कॅफेतल्या माऊसमध्ये कोणीतरी तो भरून ठेवतो आणि उठून जातो. पुढचा मुलगा आपल्या अकाउंटने खेळायला बसतो आणि नियमभंग त्याच्या नावावर चढतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ओळखीच्या कोणाकडून घेतलेल्या जुन्या माऊसचेही तसेच. तपासणे अवघड नाही. नोटपॅड उघडावे, माऊसचे प्रत्येक बटण एकेकदा दाबावे. अक्षरांची रांग उमटली की समजावे, आत काहीतरी भरलेले आहे. डावे बटण दाबून धरल्यावर माऊस न हलवता बाण आपोआप खाली सरकू लागला, तर तो नो रिकॉइलच. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून माऊसची मेमरी मूळ स्थितीला आणली की प्रश्न मिटतो. कॅफेमालकाने तर हे रोज सकाळी करावे, कारण काही गेम अकाउंटबरोबर संगणकाचीही ओळख लक्षात ठेवतात. व्हॅलोरंटमध्ये गंभीर लबाडीला त्या संगणकावरच बंदी येऊ शकते, आणि मग एकाच्या उद्योगामुळे त्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण अडतो.

एकाची लबाडी सगळ्यांना कशी भोवते, याचा सर्वांत कटू भारतीय दाखला ऑक्टोबर २०१८चा आहे. शांघायमध्ये काउंटर-स्ट्राइकची आशियाई स्पर्धा चालू होती. ऑप्टिक इंडिया संघातल्या एका खेळाडूच्या संगणकावर नेम धरून देणारा प्रोग्रॅम सापडला. फाइलला नाव दिले होते वर्ड डॉट ईएक्सई. तो मॅक्रो नव्हता, त्याहून मोठा गुन्हा होता. संघ स्पर्धेतून बाद झाला, मग बरखास्तच झाला, आणि ई-स्पोर्ट्सच्या सचोटीवर लक्ष ठेवणाऱ्या आयोगाने त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी घातली. बाकीच्या चौघांनी काही केले नव्हते. भारतीय खेळाडूंकडे संशयाने पाहिले जाण्याचे दिवस त्यानंतर बराच काळ टिकले.

आज या खेळांना सरकारदरबारी जागा मिळालेली आहे. डिसेंबर २०२२मध्ये ई-स्पोर्ट्स केंद्रीय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाकडे सोपवले गेले, २०२३च्या हांगझोऊ आशियाई खेळांत त्यांना पदके होती, आणि संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. त्या कायद्यातल्या व्याख्येत निकाल कशावर ठरावा हे सांगताना शारीरिक चपळाई, बौद्धिक तल्लखता, डावपेच यांचा उल्लेख आहे. चपळाई यंत्राला दिली की या व्याख्येतला एक खांबच निघतो. मॅक्रो वापरणे हा आपल्याकडे फौजदारी गुन्हा नाही. दक्षिण कोरियाने मात्र अशी लबाडीची साधने बनवून विकणाऱ्यांना तुरुंगवासाची तरतूद केली आहे. आपल्याकडे शिक्षा कंपनी किंवा स्पर्धेचा आयोजक देतो, आणि ती हलकी नसते. गेम विकणाऱ्या स्टीम या संकेतस्थळावर लबाडीबद्दल लागणारी व्हॅक बंदी कायमची असते आणि खेळाडूच्या पानावर सर्वांना दिसते. वर्षभराच्या खाऊच्या पैशांतून घेतलेल्या वस्तू त्या अकाउंटमध्येच अडकून पडतात.

मोठ्या स्पर्धांत खेळाडू आपापले माऊस आणतात, पण आयोजक ते तपासून घेतात. गावपातळीवरच्या स्पर्धेतही तेवढे करता येते: नोटपॅडची तपासणी सगळ्यांसमोर, मॅक्रोचे सॉफ्टवेअर बंद, आणि कोणत्या मांडण्या चालतील हे पहिल्या सामन्याआधी मराठीत लिहून लावलेले. ऐनवेळी नियम सांगितला की तो रडीचा डाव ठरतो, मग तो आयोजकाचा असला तरी.

संशय आलाच, तर आपल्याकडच्या मोबाइल गेमच्या स्पर्धांत एक साधी पद्धत रुळली आहे. खेळाडूने दुसरा फोन उंचावर ठेवून आपल्या हातांचे चित्रण करायचे. त्याला हॅण्डकॅम म्हणतात. माऊसच्या खेळातही ते चालते. कंपनीकडे दाद मागताना माऊसचा नमुना, कोणते सॉफ्टवेअर होते आणि हे चित्रण एकत्र दिले तर म्हणणे ऐकले जाण्याची शक्यता वाढते. ते पाहणारा तपासनीस पडद्यावरची गोळी कुठे लागली याकडे नंतर वळतो. आधी तो पाहतो की गोळी सुटली तेव्हा बोट खाली गेले होते का, आणि नेम खाली आला तेव्हा मनगट हलले होते का.